तोंडावरील मुरूम आणि आपली दृष्टि

घाटाखालच्या एका लहान मंडळींत आम्ही उन्हाळ्याच्या आरंभीं उपासनेस गेलों होतों. तेथें दहावींत शिकणारा एक मुलगा आहे. त्याचें वाचन स्पष्ट व उच्चार शुद्ध, म्हणून दर खेपेस शास्त्रपाठ तोच वाचीत असे. त्या दिवशीं पाठाची वेळ आली तरी तो पुढें आला नाहीं. पाहतों तों शेवटच्या रांगेंत खांबाच्या आडोशाला तोंडास रुमाल बांधून बसलेला. उन्हांत रुमाल बांधणें आपल्याकडे नवें नाहीं. पण येथें छपराखालीं ऊन कोठें होतें? उपासना आटोपल्यावर आम्हीं उपदेशकांस कारण विचारिलें. ते हंसून म्हणाले, "पाळकसाहेब, कांहीं विशेष नाहीं. तोंडावर मुरूम आले आहेत, म्हणून पोर चारचौघांत येत नाहीं. घरीं दिवसभर आरसा हातांत असतो. ह्या गर्वावर तुम्हींच एकदां चार शब्द बोला."

आम्हीं होकार दिला, आणि परत येतांना वाटेंत प्रवचनाचे मुद्देही मनांत जुळविले. पण जों जों विचार केला तों तों ते मुद्दे लंगडे वाटूं लागले. गर्विष्ठ मनुष्य पुढें येतो, आपणांस लोकांनीं पाहावें अशी त्याची इच्छा असते. हा मुलगा तर लपत होता. मग ज्यास आम्ही गर्व म्हणणार होतों तो गर्व होता काय? शेवटीं तें प्रवचन आम्हीं केलें नाहीं. त्याऐवजीं तो प्रश्नच आज वाचकांपुढें मांडितों. आपल्या चेहऱ्याबद्दल दुःख करणें हें पाप आहे काय? आणि तें पाप नसेल, तर त्या दुःखांत इतरांचा वांटा किती?

प्रथम ही व्याधि काय आहे हें समजून घेतलें पाहिजे. कारण वस्तु न जाणतां तिचा निवाडा करणें बरें नव्हे. आपल्या खेड्यांत ज्यांस मुरूम किंवा पुटकुळ्या म्हणतात त्यांस तारुण्यपीटिका असें नांव आहे. सुश्रुतसंहितेंत त्यांचें आणखी एक नांव आढळतें, मुखदूषिका, म्हणजे मुख बिघडविणारी. आणि तेथें त्या पुळ्यांस शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिली आहे. ज्यानें सातपुड्याच्या पायथ्याशीं सावरीचें कोवळें खोड पाहिलें असेल त्यास ती उपमा पटेल. ह्या दोन नांवांपैकीं पहिलें केवळ वय सांगतें. दुसरें ठपका ठेवितें. आपण बहुधा दुसऱ्या नांवाप्रमाणें वागतों.

वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास मुलांच्या, आणि मुलींच्याही, शरीरांत अँड्रोजेन नांवाचीं संप्रेरकें वाढूं लागतात. त्यांच्या योगानें कातडींतील तेलाच्या ग्रंथि मोठ्या होतात व अधिक तेल स्रवूं लागतें. केंसाच्या मुळाशीं जें सूक्ष्म छिद्र असतें त्यांत हें तेल व कातडीच्या मेलेल्या पेशी अडकून जणूं बूच बसतें. कातडीवर नेहमींच राहणारे एक प्रकारचे जंतु तेथें वाढतात, आणि शरीर त्यांच्याशीं झुंजतें तेव्हां लाली, सूज व पू दिसतो. बुचाचें तोंड उघडें असेल तर तें काळें दिसतें. तो काळेपणा मळाचा नव्हे, म्हणून कितीही घासलें तरी जात नाहीं. १२ ते २४ वर्षांच्या वयांत शंभरांतून सुमारें ८५ जणांस ही व्याधि कमीअधिक होते असें वैद्यकशास्त्रांत मानितात. कोणास थोडी व कोणास फार, ह्यांत आईबापांकडून आलेल्या प्रकृतीचा भाग मोठा असतो. फोड खोल गेला असेल तर तो बरा होतांना कातडीचा आंतला आधार नाहींसा होतो व खड्डा राहतो. आपल्यासारख्या सांवळ्या कातडीवर खड्डा पडला नाहीं तरी काळा डाग उरतो. डाग कांहीं महिन्यांनीं बहुधा फिकट होतो. खड्डा मात्र आपोआप भरून येत नाहीं.

ह्या साऱ्या कारणपरंपरेंत मुलाचा अपराध कोठें दिसतो? कोठेंच नाहीं. तरी गांवांत अपराध शोधणारांची वाण नसते. कोणी म्हणतो, रक्त नासलें आहे. कोणी म्हणतो, पोर तोंड धूत नाहीं. कोणी त्याच्या ताटांतील भज्यांकडे बोट दाखवितो. फार गोड खाण्यानें कांहीं जणांचे मुरूम वाढतात असें दिसून आलें आहे, आणि डोक्यास थापलेलें तेल कपाळावर उतरलें तर तेथें पुळ्या येतात, हें खरें. पण हीं कारणें व्याधीस हातभार लावणारीं आहेत, तिचें मूळ नव्हेत. ह्याहून वाईट अशी एक कुजबूज आहे, ती अशी कीं, मनांत घाणेरडे विचार येतात म्हणून तोंडावर फुटतें. आम्हांस ही सर्वांत क्रूर वाटते. ज्या वयांत मनांत नवे विचार येणें हें देहाच्या वाढीइतकेंच स्वाभाविक असतें, नेमकें त्याच वयांत ती मुलास सांगते कीं, तुझें गुपित तुझ्या गालावर लिहिलें आहे व तें सर्व गांव वाचीत आहे. ईयोबाच्या अंगावर फोड उठले तेव्हां त्याचे मित्र त्यास आपलें पाप शोधावयास सांगत बसले, आणि शेवटीं दोष लागला तो त्या मित्रांस. ही कथा आपण कितीदां तरी वाचून दाखवितों. पण फोड सोळा वर्षांच्या पोराच्या गालावर असले म्हणजे ती आपणांस आठवत नाहीं.

आतां गर्वाचा प्रश्न घेऊं. कोणी म्हणेल, "देह नाशवंत आहे, रूप चार दिवसांचें आहे, त्याची एवढी चिंता कशाला?" हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु तें कोण कोणास सांगतो हेंही पाहिलें पाहिजे. आम्ही स्वतः उपासनेस निघतांना दाढी करितों, धुतलेला सदरा घालतों, आरशांत पाहून केंस विंचरतों. आमची नीटनेटकें दिसण्याची इच्छा सभ्यता ठरते. त्या मुलाची तीच इच्छा गर्व कां ठरावी? गर्व म्हणजे आपणांस इतरांहून वर मानणें. ज्यास मुरूम आले आहेत त्यास इतरांहून वर चढावयाचें नसतें. त्यास इतरांसारखें असावयाचें असतें, किंबहुना कोणाच्या नजरेंत न भरतां पाणी भरून आणावयाचें असतें, बसगाडींत बसावयाचें असतें, फळ्यापुढें उभें राहून गणित सोडवावयाचें असतें. अशा इच्छेस आम्ही पाप म्हणूं शकत नाहीं.

शिवाय चेहरा हा देहाचा असा भाग आहे कीं, तो ज्याचा असतो त्यास दिसत नाहीं व बाकी सर्वांस दिसतो. आरसा घटकाभर हातीं येतो. एरवीं मनुष्य आपला चेहरा दुसऱ्याच्या डोळ्यांवरून ताडतो. समोरच्याची नजर डोळ्यांवरून सरकून गालावर थांबली कीं मुलास तें तत्काळ कळतें. म्हणून ह्या दुःखाची वाटणी करावयाची तर मुरूम हा शरीराचा वांटा आणि लाज हा आपला, म्हणजे पाहणारांचा, वांटा होय. पहिल्यावर औषध आहे. दुसऱ्यावर औषध आपण आहों.

पाहणारांची नजर काय करूं शकते हें आपल्याच जिल्ह्यानें नुकतें अनुभविलें आहे. सन २०२४ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, काळवड, हिंगणा इत्यादि गांवांत लोकांचे केंस अकस्मात् गळूं लागले. आधीं डोकें खाजे, मग केंस हातांत येत, आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचें पथक येऊन नमुने घेऊन गेलें. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनींही स्वतंत्र तपास केला, आणि १८ गांवांतील २७९ जणांस हा विकार झाल्याचें सांगितलें. रोग्यांच्या शरीरांत सेलेनियम फार व जस्त कमी आढळल्यावरून त्यांनीं शिधावाटपाच्या गव्हाकडे बोट दाखविलें. पुढें अनेकांचे केंस पुन्हां उगवले. पण मधल्या काळांत कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींचें शिक्षण अडलें व लग्नें मोडलीं, असेंही डॉ. बावस्करांनीं नमूद केलें आहे. त्या मुलींनीं कोणता अपराध केला होता? फार तर आपल्या वांट्याचा गहूं खाल्ला होता. केंस गेले हें दुखणें. लग्न मोडलें हें आपण, धडधाकट डोक्याच्या लोकांनीं, त्या दुखण्यास जोडलेलें दुसरें दुखणें. केंसांची वाढ कांहीं आठवड्यांनीं दिसूं लागते. मोडलेल्या सोयरिकीचें पुढें काय झालें हें विचारावयास कोणी जात नाहीं.

तथापि दृष्टि बदलूं शकते, हेंही आम्हीं पाहिलें आहे. आमच्या लहानपणीं आमच्या मंडळींत एक वृद्ध वडील होते. देवीच्या रोगानें त्यांचें सारें तोंड खड्ड्यांनीं भरून गेलें होतें. सन १९७५ नंतर त्या रोगाचा प्रादुर्भाव आपल्या देशांत झाला नाहीं, आणि सन १९८० मध्यें तो जगांतूनच नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. म्हणून आजच्या मुलांनीं तसें तोंड क्वचितच पाहिलें असेल. आज त्या वडिलांची आठवण झाली तर आम्हांस प्रथम त्यांचा खणखणीत आवाज आठवतो, मग कापसाच्या वेंचणींत मजुरांबरोबर बसून भाकर खाण्याची त्यांची रीत आठवते. खड्डे मुद्दाम आठवावे लागतात. परिचय वाढला म्हणजे डोळे व्रण पाहण्याचें सोडून देतात. पण ही गोष्ट सांगून मुलास गप्प बसवूं नये. त्या वडिलांस तरुणपणीं तीन घरांतून नकार आला होता, आणि तें ते म्हातारपणींही विसरले नव्हते.

आतां ज्या कारणासाठीं आम्ही हा विषय तातडीचा समजतों तें सांगतों. पुढच्या महिन्यांत आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यानें उशाखालून एक ट्यूब काढून दाखविली. बाजाराच्या दिवशीं कोणाच्या सांगण्यावरून ती एका दुकानांतून घेतली होती. आईस ठाऊक नव्हतें, बापास ठाऊक नव्हतें. तीवरील बारीक अक्षरें वाचलीं तेव्हां तींत स्टेरॉइड असल्याचें दिसलें.

अशीं मलमें ठराविक रोगांवर, ठराविक दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून लावावयाचीं असतात. तोंडास तीं रोज लाविलीं तर पहिले कांहीं दिवस लाली जाते व चेहरा उजळ दिसतो. मुलास वाटतें, गुण आला. पुढें कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसूं लागतात, नको तेथें लव वाढते, आणि मुरूम पूर्वींपेक्षां अधिक येतात. लावणें थांबविलें कीं तोंड भाजल्यासारखें होतें, म्हणून मुलगा पुन्हां तीच ट्यूब आणितो. सन २०१८ मध्यें केंद्र सरकारनें अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून करूं नये असा नियम केला. नियम आहे, पण जो मुलगा लाजेनें चोरून घेतो तो चिठ्ठी आणण्यास कोणाकडे जाणार?

दुसरें उदाहरण खामगांवाहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या अकोल्याचें. मुरमांचे डाग घालविण्यासाठीं पुष्कळ मुली रंग उजळविणारीं क्रीमें लावितात, म्हणून तें येथें सांगणें अवश्य आहे. तेथील एका कॉलेजविद्यार्थिनीनें असें एक क्रीम लावण्यास आरंभ केला. तिचा चेहरा उजळलेला पाहून तिची आई व बहीणही तेंच लावूं लागल्या. सन २०२२ मध्यें तिघींच्याही मूत्रपिंडांस विकार झाला. एकाच घरांतील तिघींस एकच दुखणें कसें, ह्याचा शोध मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं घेतला, तेव्हां त्या क्रीममध्यें पारा निघाला, आणि तोही कायद्यानें ठरविलेल्या मर्यादेच्या कितीतरी पट. ती मर्यादा दहा लाख भागांत एक भाग एवढीच आहे. पारा कातडीचा रंग तयार होण्याचें काम अडवितो म्हणून तोंड गोरें दिसतें. पण तो कातडींतून रक्तांत उतरतो व मूत्रपिंडांस इजा करितो. केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांतही असेच रोगी आढळले आहेत. गालावरचा डाग कोणाचा जीव घेत नाहीं. डागाची लाज मात्र जिवावर बेतूं शकते.

म्हणून ज्याचा त्यास थोडासा उपदेश करून हा लेख संपवितों.

तरुणांनो, तुम्हांस वाईट वाटतें ह्यांत कांहीं पाप नाहीं. फोड नखांनीं फोडूं नका; त्यानें खड्डे वाढतात. दिवसांतून दोनदां साध्या सौम्य साबणानें तोंड धुवा, घासूं नका. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा तोंडास लावूं नका. बेंझॉइल परॉक्साइड, ॲडापेलीन अशीं खरीं औषधें आहेत. पण त्यांस गुण येण्यास आठ ते बारा आठवडे लागतात, व आरंभीं कातडी थोडी कोरडी होते. तेवढा धीर धरा. मोठ्या गांठी येत असतील, किंवा खड्डे पडूं लागले असतील, तर वाट पाहूं नका. लवकर केलेला उपचार हाच खड्ड्यांवरील उत्तम उपाय होय. पडलेले खड्डे मोठ्या शहरांतील उपचारांनीं कमी होतात, अजिबात जात नाहींत, हेंही मनाशीं ठेवा. आयसोट्रेटिनॉइन नांवाच्या गोळ्या फार गुणकारी आहेत, परंतु त्या डॉक्टरांच्या देखरेखीवांचून कधींही घेऊं नयेत. गर्भावर त्यांचा घोर परिणाम होतो. आणि जर मन इतकें खिन्न झालें असेल कीं जगणेंच नको वाटावें, तर १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तेथें मराठींत बोलतां येतें व पैसे पडत नाहींत.

आईबापांनो, "लग्न झालें म्हणजे जातील" असें म्हणून मुलास वाटेस लावूं नका. ग्रामीण रुग्णालयांत किंवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयांत त्यास बरोबर घेऊन जा. ज्या पैशांत चोरून तीन ट्यूबा येतात त्यांत एका फेरीचें बसभाडें निघतें. मुलीची पाळी अनियमित असेल व ओठावर केंस वाढत असतील तर तेंही संकोच न धरितां डॉक्टरांस सांगा. त्याच्या मुळाशीं दुसरा विकार असूं शकतो.

मुलासाठीं मुलगी पाहावयास जाणारांनो, तुमच्या घरांतील तरुणांकडे एकदां पाहा व मग दुसऱ्याच्या मुलीच्या गालाविषयीं बोला.

आणि उपदेशक बंधूंनो, येथें आम्ही तुमच्याबरोबर स्वतःसही सांगत आहों. कारण त्या दिवशीं तुमच्यापैकीं एकास आम्हींच होकार दिला होता. मुलगा दाराशीं भेटला म्हणजे "हें तोंडावर काय झालें?" असा प्रश्न पहिला नसावा. त्यास तें ठाऊक आहे. थट्टेचीं नांवें वडीलधाऱ्यांनीं वापरलीं कीं पोरें तीं दहा पटीनें वापरतात. जो मागें बसला आहे त्यास ओढून पुढें आणूं नका, आणि त्याचें काम दुसऱ्यास देऊनही टाकूं नका. आमच्या त्या मुलास रुग्णालयाचें औषध सुरू होऊन दोन महिने झाले आहेत. फोड कमी आहेत, डाग आहेत. तो अजून पुढें आला नाहीं. दर खेपेस त्यास पाठ कोणता आहे हें आदल्या दिवशीं कळवितात, व तो आला नाहीं तर कांहीं न बोलतां उपदेशक स्वतः वाचितात.

हा लेख मंडळींत मोठ्यानें वाचून दाखवावा अशी आमची विनंती आहे. मात्र वाचतांना कोणाकडेही पाहूं नये.